जवाईबापूंना शिक्का मिळाला

…आणि पाणीसुद्धा नाही हो! पाणी! चहा राहू द्या, पोहे राहू द्या, पण गावाचा जावई दारात येतो, आई पाण्याचा तांब्या पुढे करते, आणि हा माणूस दोन्ही हात पाठीमागे नेऊन म्हणतो, "नको काकू, मले चालत नाही"… चालत नाही म्हणजे? पाणी आहे की दारू?… थांबा. थांबा हं. हे मी सांगायचंच नव्हतं. आईनं बजावून ठेवलंय, "करुणे, हे बाहेर फुटलं तं उर्वशीचं शिक्षण गेलं समज." आणि मी तशी सांगणारी मुलगीही नाही, वर्गात हजेरीला 'हजर' म्हणायचं तरी माझा आवाज निघत नाही, बाई मान वर करून विचारतात, "आहेस की नाहीस?" पण तुम्हाला सांगते, जी माणसं बोलत नाहीत ना, त्यांना दिसतं फार, आणि इतकं दिसल्यावर ते ठेवायचं कुठं? घरात तर जागा नाही, घरात कापूस आहे!

ऐका. पण कोणाला सांगू नका.

अतुलभाऊजी म्हणजे आमच्या शेजारच्या विमलकाकूंचे जावई, सुजाताताईचे यजमान, राहतात पुसदला. आता तुम्ही म्हणाल, विमलकाकूंचा जावई तर तुम्हाला काय त्याचं? असं कुठं असतं! आमच्या गावात एका घरची लेक दिली की तिचा नवरा सगळ्या गावाचा जावई. पारावरचे म्हातारे त्याला जवाईबापू म्हणतात, शाळेतली पोरं जवाईबापू म्हणतात, आमचे रहेमानचाचा, जे विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करतात आणि दुरुस्त करताना मोटारीलासुद्धा शिव्या देतात, तेही "आइये जवाईबापू, बैठो" म्हणून खुर्ची पुसून देतात. जावई रस्त्यानं चालला तर घराघरातून चहा निघतो, आणि कोणाचा घेतला, कोणाचा सोडला, याची आठवण गावात वर्षानुवर्षं राहते.

आणि ह्या अतुलभाऊजींचं काम काय? तर लोकांच्या घरांची किंमत सांगायची. म्हणजे असं, तुम्हाला कर्ज पाहिजे, बँक म्हणते घर दाखवा, आता घर काय डोक्यावर घेऊन जायचं? मग बँक एक माणूस पाठवते, तो टेपानं भिंती मोजतो, स्लॅबकडे बघून मान हलवतो, रस्ता किती लांब, पाणी कुठून, सगळं विचारतो आणि किंमत लिहून देतो. पुस्तकात त्याला मूल्यांकक म्हणतात, आमच्याकडे म्हणतात 'घर जोखणारा'.

हे काम ते लग्नाच्या आधीपासून करायचे, पण बिनशिक्क्याचे. मोजमाप यांचं, उन्हात फिरणं यांचं, आणि खाली सही दुसऱ्याच साहेबाची. मग कोणीतरी सांगितलं, बाबा रे, परीक्षा दे, नोंदणी कर, नावापुढं पदवी लाग­ली की स्वतःचा शिक्का मिळतो. झालं! गावात दोन तट पडले.

रहेमानचाचा म्हणायचे, "शिक्का मारून भिंत लंबी होते काय? बिना शिक्के का घर भी वही, शिक्के का घर भी वही! फोकटची परेशानी!"

विमलकाकू म्हणायच्या, "तुमाले काय समजते जी? शिक्का म्हंजे इज्जत असते. उद्या माह्या जवायाले लोकं साहेब म्हनतीन."

आणि आमचे बाबा, उकंडा कंडक्टर, एस.टी.त आहेत, ते आपला छातीवरचा बिल्ला ठोकून म्हणायचे, "मी सांगतो. हा बिल्ला नसन तं गाडीत कंडक्टर कोन आन् प्रवासी कोन, कोनाले समजन? घंटी तं कोनीबी मारते. बिल्ला पाह्यजे!"

आता तुम्हीच सांगा, शिक्का घ्यावा की घेऊ नये? कोणालाच ठाऊक नव्हतं, पण मत प्रत्येकाला होतं, अगदी आमच्या शाळेच्या शिपायालासुद्धा.

अतुलभाऊजींनी परीक्षा दिली. नापास झाले. पुन्हा दिली. सुजाताताई सांगायची, "झोपेत भिंतीची जाडी सांगतात वो!" आणि मग एकदाचे पास झाले, नोंदणी झाली, शिक्का आला. विमलकाकूंनी पेढे वाटले. शिक्का बघायला आम्ही सगळे गेलो. गोल, जांभळ्या शाईचा, कडेनं अक्षरं, मधे नाव. पोरांनी आपापल्या तळहातावर मारून घेतला, मी पण हळूच हात पुढे केला. दोन दिवस आमच्या गावातली सगळी पोरं नोंदणीकृत होती!

पण त्या शिक्क्याबरोबर नियम येतात, हे कोणी सांगितलं? कोणीच नाही!

आता आमच्या घरचं ऐका. उर्वशीताई बारावी झाली आणि तिचा नंबर लागला नर्सिंगला. आमच्या घराण्यातली पहिली मुलगी, जी दवाखान्यात पेशंट म्हणून नाही, तर पांढऱ्या कपड्यांत जाणार! ताई तर रोज संध्याकाळी माझी नाडी बघायची, मी जिवंत आहे असं तिनं निदान वीस वेळा सांगितलं असेल. फी मोठी, म्हणून बँकेकडं गेलो, बँक म्हणाली घर गहाण ठेवा, घराची किंमत करून आणा, आणि प्रवेशाची तारीख उरावर आलेली. आणि बँकेनं किंमत करायला पाठवलं कोणाला? अतुलभाऊजींना! बाबा घरात येऊन नाचलेच, "घरचा मानूस हाय! आता काय फिकर!"

घरचा माणूस. हे दोन शब्द लक्षात ठेवा, त्यांनीच घात केला.

आमचं घर पक्कं आहे, वर स्लॅब आहे, आणि ते साल कसं होतं तुम्हाला माहीत आहे, कापसाला भावच नाही. सरकारी खरेदी सुरू होते म्हणायचे, होत नव्हती, व्यापारी मागत होता त्या भावात वेचणीची मजुरी निघेना, मग लोकांनी कापूस विकलाच नाही, घरात भरून ठेवला, आज येईल भाव, उद्या येईल. मृग तोंडावर आला, गल्लीतली कुडाची घरं गळणार, मग सगळ्यांचा कापूस आला आमच्या घरी, कारण आमच्याकडे स्लॅब! मागची मोठी खोली खालपासून माणसाच्या डोक्याच्या वरपर्यंत कापूस, मधल्या खोलीत कापूस, त्यात मांजर व्यालेली, पिलं कुठं आहेत ते आवाजावरून ओळखायचं. घरात काडी पेटवायची बंदी, आईची चूल अंगणात, बाबांची बिडी रस्त्यापलीकडं. आम्ही चौघं ओसरीवर झोपायचो आणि रात्रभर खाजवायचो.

अशा घरात जवाईबापू आले. हातात टेप, खांद्याला बॅग, बॅगेत शिक्का.

आई तांब्या घेऊन पुढं, आणि तो "मले चालत नाही"चा प्रकार झाला. आईचा हात तसाच हवेत! मी चौकटीत उभी, मी तर बघतच राहिले. आईला वाटलं थंड पाणी चालत नसेल, तिनं चहा ठेवला. "चहा नाही काकू." दुधाचा चालत नसेल म्हणून कोरा केला. "कोरा बी नाही." मग लिंबू-सरबत. "काकू, तुमी समजून घ्या, ज्याचं घर मोजाचं त्याचं काहीच खाऊ-पिऊ नये असा नेम हाय, मी लिहून देल्लं हाय." आई म्हणाली, "असा कसा नेम? पाह्यलं का वो कोनी असा नेम?" आणि तिचे डोळे भरले. अहो, भरणारच! पाणी तर दारात आलेल्या मारवाड्याच्या उंटालासुद्धा देतो आपण!

मग मोजायला सुरुवात. टेपाचं दुसरं टोक धरायला कोणी पाहिजे, तर मला बोलावलं, कारण मी बोलत नाही. ओसरी मोजली, स्वयंपाकघर मोजलं, मी टोक धरते, ते आकडा विचारतात, मी पुटपुटते, ते लिहितात. आणि मग आली मागची खोली. दार उघडलं, समोर पांढरी भिंत! कापसाची!

"ही खाली करून देता काय?" भाऊजींनी विचारलं.

बाबा म्हणाले, "कशी करू जवाईबापू? अर्ध्या गल्लीचा माल हाय, बाहेर काढला आन् पानी आलं तं लोकं माह्याच घरात माह्या नावानं बोंबलत बसतीन. तुमी लिहा ना अंदाजानं, खोली तं खोलीच असते."

"अंदाजानं नाही लिहिता येत, उकंडामामा. आता शिक्का हाय."

आणि तुम्हाला सांगते, त्यांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि त्या कापसात शिरले! शिरले म्हणजे गेलेच! आधी हात गेले, मग डोकं, मग पाय राहिले, मग पायही नाहीत, फक्त टेप बाहेर, आणि टेप आत आत चाललेला, जसा विहिरीत दोर जातो. आतून दबका आवाज, "भिंत लागली! आकडा सांग!" मी सांगितला. "काय? मोठ्यानं!" आता मी मोठ्यानं कशी बोलणार? मी आयुष्यात मोठ्यानं बोललेली नाही! पण बोलले, काय करता, माणूस आत गुदमरत होता. मग ते वर चढले, छताला टेप लावला, मग तिथंच बीळ करत करत खाली, पार फरशीला हात लागेपर्यंत. "साडेदहा फूट!" आतून आवाज आला, आणि पाठोपाठ मांजर फिसकारली.

बाहेर आले तेव्हा माणूस ओळखू येईना. भुवया पांढऱ्या, मिशा पांढऱ्या, कानात सरकी, मानेवर ओरखडे, आणि खोकला! अंगणभर वाकून वाकून खोकत होते, डोळ्यांतून पाणी, आणि आई पुन्हा तांब्या घेऊन पुढं, "घ्या हो बापू, जीव जाईन तुमचा!" तर त्यांनी हातानंच नको म्हटलं, धडपडत चौकातल्या हापशीवर गेले, स्वतः दांडा हापसला, स्वतः ओंजळीनं प्यायले आणि म्हणाले, "हे सरकारी हाय. हे चालते."

गावाचा जावई! हापशी हापसतोय! भर बाराच्या उन्हात!

आता तुम्हीच सांगा, शिक्का घ्यावा की घेऊ नये?

पण खरा धक्का पुढंच. जेवणाची वेळ झाली. ते आमच्या हद्दीच्या बाहेर गेले, आधी नीट बघितलं हद्द कुठं संपते ते, मग रस्त्याकडेच्या निंबाखाली बसले, बॅग उघडली आणि… डबा काढला. घरून आणलेला डबा! सासुरवाडीच्या गावात, सासूच्या दारापासून ढेकूळ फेकलं तर लागेल इतक्या अंतरावर, जावई रस्त्यावर बसून शिळी पोळी खातोय! गाव जमलं. एक म्हातारी तर गळ्याशी हात नेऊन रडायलाच लागली, तिला वाटलं विमलकाकूंनी घराबाहेर काढलं.

आणि विमलकाकू! दारात आल्या, बघितलं, आणि मट्‌कन उंबऱ्यावर बसल्या. "रुसला वो माय… जवाई रुसला…"

झालं! हा शब्द निघाला आणि सगळ्यांना एकदम समजलं. नेम-बिम काही नाही, माणूस रुसलाय! नेमाचं कोणी ऐकलंच नाही, कारण पाणी न घेणारा जावई म्हणजे रुसलेला जावई, हे आमच्याकडं लहान पोरालाही समजतं. मग आमच्या ओसरीवर बैठक, जावई का रुसला?

विमलकाकू म्हणाल्या, "लग्नात बँडवाल्यानं त्याच्या मामाचं नाव नव्हतं घेतलं. मी तवाच म्हनलं होतं, हे महागात पडन."

रहेमानचाचा म्हणाले, "मामा-फामा काही नाही. मी मागल्या दिवाळीत त्येले म्हनलं, शिक्क्यानं भिंत लंबी नाही होत. दिल पे ले लिया, और क्या."

आणि आमचे बाबा एकदम पांढरे पडले. "बापा… मी त्याचं तिकीट फाडलं होतं."

"कायचं तिकीट?"

"माह्या गाडीत बसला होता, महागाव ते पुसद. ड्युटीवर होतो मी. सगळ्याइचं फाडलं, त्याचंबी फाडलं."

विमलकाकूंनी बाबांकडं असं बघितलं, असं बघितलं… "गावाच्या जवायाचं तिकीट फाडलं, उकंडाभाऊ?" जशी काही मान कापली होती!

मी कोपऱ्यातून म्हणाले, "बाबा, ते रुसले नाहीत, त्यांचा नियम आहे…" पण ते मी इतक्या हळू म्हणाले की माझं मलाच नीट ऐकू आलं नाही.

मग रुसवा काढायची तयारी. आई ट्रंकेतून नवा दुपट्टा आणि टोपी घेऊन निघाली, विमलकाकू नारळ आणि जावयासाठी जपून ठेवलेली अंगठी घेऊन, रहेमानचाचा काखेत कोंबडा घेऊन, कोंबडा ओरडतोय, मागं गाव, आणि सगळ्यात पुढं बाबा. भाऊजी डबा धुऊन पुसून उभे राहत होते. बाबांनी दोन्ही हात धरले आणि गावासमोर मोठ्यानं म्हणाले, "जवाईबापू, चुकलो! आजपासून जिंदगीभर माह्या गाडीत तुमचं तिकीट नाही! मागच्या शिटावर नाही, पुढच्या शिटावर बसवीन! पन आमच्या घराकडं जरा मायेनं पाहा!"

तुम्ही अतुलभाऊजींचा चेहरा बघायला पाहिजे होता! कापसासारखा! "मामा, काय बोलून राह्यले तुमी? ही… ही लाच हाय! सरकारी गाडीची!" तेवढ्यात विमलकाकूंनी अंगठी बोटात सरकवली, ते काढायला लागले, निघेना, आईनं टोपी डोक्यावर ठेवली, आणि रहेमानचाचांनी कोंबडा कुशीत दिला, "रख लो, जवाईबापू, घर का है!" भाऊजी ओरडले, "अहो, मी कामावर हाय! मले काही देऊ नका!" बाबा आईला म्हणाले, "पाह्यलं? अजून रागातच हाय. कौसल्ये, दुसरा कोंबडा पाह्य."

आणि ते पळाले. खरंच पळाले! टोपी डोक्यावर, कोंबडा रस्त्यात सोडलेला, टेप बॅगेतून लोंबतोय, त्याचं टोक मी सवयीनं धरलं, तो लांबत गेला, लांबत गेला आणि सप्पकन सुटला. घराचा कागद? बिनसहीचा! शिक्का? बॅगेतच!

दुसऱ्या दिवशी बँकेतून निरोप. अतुलभाऊजींनी लेखी दिलं की हे घर मी मोजू शकत नाही. का? तर म्हणे, "मला वाटलं होतं मी ह्या घराचा कोणी लागत नाही. पण प्रत्यक्ष पाहणीत असं आढळलं की संपूर्ण गाव मला जावई समजतं, म्हणून मी नातेवाईक आहे." प्रत्यक्ष पाहणीत आढळलं! आणि अंगठी, टोपी, दोन्ही साबण लावून काढून परत पाठवली. म्हणजे टोपीला साबण नव्हता लावला, अंगठीला.

उर्वशीताई दिवसभर कापसावर पालथी पडून होती. तिनं माझी नाडी बघितली नाही. तारीख गेली तर जागा दुसरीला जाणार होती, आणि ते तिला तिच्या अर्जावरच्या अक्षरांहून जास्त पाठ होतं. मी जवळ जाऊन बसले. ती म्हणाली, "करुणे, एक चहा घेतला असता तर काय झालं असतं गं?" मला ताई आणि भाऊजी दोघंही बरोबर वाटत होते.

तिकडं पुसदला सुजाताताईला कळलं. ती त्याच संध्याकाळच्या गाडीनं पिशवी घेऊन माहेरी हजर. "माह्या माहेरात डबा उघडला त्यानं? मी केलेला डबा? कोन्या गावाले नेते ते सांगितलं असतं तं मी दिलाच नसता! त्याले म्हना, आता शिक्क्यालेच सांग पोया लाटाले!" नवरा साहेब झाला म्हणून पेढे वाटले होते, आता बायको माहेरी आणि साहेब पुसदला खिचडी करतोय. आता तुम्हीच सांगा, शिक्का घ्यावा की… नाही, थांबा, अजून नका सांगू.

कारण मग दुसरे साहेब आले. जिल्ह्याहून. बँकेनंच पाठवले, जीपनं आले. त्यांच्याकडंही तोच शिक्का, गोल, जांभळा, कडेनं तीच अक्षरं, मी वाचली ना! मी म्हटलं, हेही आता हापशीवर जाणार. आई तर घाबरून तांब्या पदराखाली लपवून उभी, तिची हिंमतच होईना. तर साहेब खुर्चीत बसले आणि म्हणाले, "काय वहिनी, पाणी-बिणी आहे की नाही गावात?"

आईला इतका आनंद झाला! पाणी झालं, चहा झाला, पुन्हा चहा झाला, पुऱ्या झाल्या, रहेमानचाचांचा तो कोंबडा, जो भाऊजींच्या कुशीतून जीव वाचवून पळाला होता, तो ह्या साहेबांच्या ताटात आला. साहेब म्हणाले, "गावरान दिसतो." जाताना तुरीची डाळ, आणि टोपी परत आलीच होती, ती पण. बाबा मला हळूच म्हणाले, "पाह्य, ह्याले म्हनते साहेब."

आणि घर? घर त्यांनी बसल्या जागेवरून बघितलं. हात धुवायला उठले तेव्हा मागच्या खोलीच्या दाराशी थांबले. आत कापूस, वर थोडी मोकळी जागा. त्यांनी बोटानं हवेत वरून खाली रेघ ओढली आणि लिहिलं. मी बाजूला टॉवेल घेऊन उभी होते. मला दिसलं. 'खोलीची उंची साडेचार फूट.'

साडेचार! माझी उंची त्याहून जास्त आहे हो! खोलीची तळाकडची सगळी उंची कापसानं गिळली आणि ह्यांनी कापसालाच फरशी धरलं! मी म्हणाले, "साहेब…" आवाज निघाला! "साहेब, खाली अजून आहे."

"काय आहे, बेटा?"

"खोली."

साहेब हसले, इतके हसले, बाबांना म्हणाले, "पोरगी विनोदी आहे तुमची," आणि शिक्का काढला. तोंडाची वाफ दिली. ठाप!

मला झोप आली नाही. साडेचार फुटाच्या खोलीवर कोण कर्ज देईल? बकरीसुद्धा मान खाली घालून उभी राहील! बाबा बँकेत निघाले तर मी पण गेले, मला वाटलं मॅनेजर विचारतील तेव्हा मी सांगेन, साडेदहा, मी टेप धरला होता. मॅनेजरांनी कागद घेतला. पहिलं पान उलटलं नाही. दुसरं उलटलं नाही. सरळ शेवटचं पान, शिक्का बघितला, बोटानं शाई वाळली का पाहिली, आणि म्हणाले, "ठीक आहे. मंजूर."

मंजूर! मी बघतच राहिले. कोणी वाचलंच नाही! तो माणूस कापसात बुडी मारून फरशीपर्यंत गेला, खोकून खोकून अर्धा झाला, बायको माहेरी गेली, आणि त्याचा आकडा कोणालाच नको होता! हवा होता फक्त शिक्का! उर्वशीताई गेली नर्सिंगला. रोज कोणाची तरी खरी नाडी बघते. आणि आम्ही, बँकेच्या हिशेबानं, रांगत राहतो. म्हणून आई म्हणते सांगू नको. बँकेला कळलं तर कागद परत, ताई परत.

मग अतुलभाऊजी आले सुजाताताईला न्यायला. आता मोजायचं काही नाही, लेखी दिलेलंच आहे, मग काय, गावानं उट्टं काढलं! प्रत्येक घरी चहा, प्रत्येक घरी ताट, संध्याकाळपर्यंत माणूस बाजेवर आडवा. सुजाताताईनंच ओवा दिला. बाबांनी त्यांना विचारलं, "खरं सांगा बापू, एवढा शिक्का घेऊन तुमाले भेटलं काय? त्या साहेबाजवळबी तोच शिक्का, तुमच्याजवळबी तोच."

भाऊजींनी बाजेवरूनच छताकडं बोट केलं. म्हणाले, "मामा, तुमच्या खोलीची उंची किती हाय, ते मले माईत हाय."

बस. एवढंच. बाबा हसले, रहेमानचाचा हसले. मी हसले नाही. कारण ती मलाही माहीत आहे.

आणि मग त्यांनी काय करावं? मला बोट दाखवून म्हणाले, "हे पोरगी टेप बरोबर धरते, आकडा बरोबर वाचते. हिले ह्याच कामात घाला, मामा. परीक्षा मी शिकवतो." बाबा दचकून उठले, "नको रे बापा! एक जन उपाशी फिरून राह्यला, तेवढा बस झाला!" पण तेव्हापासून माझ्या डोक्यातून ते जात नाही, तुम्हाला म्हणून सांगते. मी रात्री हिशेब करते. मी शिक्का घेतला आणि भाऊजींसारखा पाळला, समजा. त्यांना एकच गाव बंद झालं, सासुरवाडीचं. पण माझं काय? मी ह्या गावाची लेक, म्हणजे हे गाव बंद. लग्न होऊन जाईन तिथं मी सगळ्या गावाची सून, ते बंद. आईचं माहेर बोरी अरब, तिथं मी सगळ्यांची भाची, आणि भाचीला तर कोणी रिकाम्या हातानं उंबरा ओलांडू देत नाही, तेही बंद! उर्वशीताईला देतील तिथं मी गावाची मेहुणी, सुजाताताईकडं पुसदला आत्ताच सगळे विचारतात, "करुणा कधी येते?"… म्हणजे बाईमाणसानं शिक्का घेतला तर अख्खा जिल्हाच नातेवाईक! मग मोजायला उरलं काय? उरलं एक एस.टी. स्टँड, आणि तिथं तर बाबा—

"करुणेऽऽ! कुठं गेली वो ही पोट्टी?"

आले, आई!… तर मी म्हणत होते, तिथं बाबांनी निदान तिकीट फाडलं तर मी म्हणू तरी शकेन की बघा, हा माणूस माझा कोणी लागत नाही…